लहान मुलांना घेऊन शिडाची नाव : कोणती घ्यावी? (मुक्काम इंदूर)

माळव्याची_लेक | ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. मुंबईचा समुद्र आमच्यापासून रस्त्याने जवळजवळ सहाशे किलोमीटरवर, त्यामुळे हा प्रश्न इथे आसपास कुणाला विचारावा तेच कळत नव्हतं.

मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. माझं माहेर भोपाळचं. दर सुट्टीत मुलं बड्या तलावाच्या काठावर बसून ती छोटी पांढरी शिडं बघत राहतात. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवलं, ती आमच्या शेजारच्या देवास जिल्ह्यातली. तेव्हापासून लेकीच्या डोक्यात हेच आहे. देवासच्या मुलीला येतं तर मला का नाही, हा तिचा सवाल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नवरा इंजिनिअरिंगला पुण्यात होता तेव्हा दोन वर्षं खडकवासल्यावर शिडाची नाव चालवायचा. मला पोहता येतं, नाव येत नाही. मुलगी पोहते, मुलगा अजून कडेला धरून पाय मारतो.

नवऱ्याने मुंबईत विकायला असलेली एक १९ फुटी नाव बघून ठेवली आहे. छोटी केबिन, आत दोघांना झोपता येईल एवढी जागा, खाली कायमचा कील. त्याचं म्हणणं, कील असला की नाव उलटत नाही, मुलांसाठी तीच सुरक्षित. पटतंही आणि पटतही नाही. ट्रेलर धरून साडेतीन-चार लाखांच्या वर जायचं नाही. नणंदेच्या सासरची शेती खंडव्याच्या बाजूला इंदिरा सागर धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. नाव तिथे ठेवता येईल.

अनुभवी लोकांनी सांगावं.

---

शिडकाठी | ९ नोव्हेंबर

ताई, मी महूला राहतो. नोकरीत असताना बारा-तेरा वर्षं मुलांना आणि जवानांना डिंगी, म्हणजे छोटी उघडी शिडाची नाव, शिकवली.

यजमानांचं म्हणणं चूक नाही, पण अर्धंच आहे. कील म्हणजे नावेच्या तळाला घट्ट बसवलेलं लोखंडाचं किंवा शिशाचं वजन. त्याच्यामुळे ती नाव सहसा उलटत नाही, हे खरं. पण त्याच कीलमुळे ती काठाला लावता येत नाही. पाण्यात उतरवायला क्रेन किंवा चांगला लांब उतार लागतो, आणि शेताच्या बांधावर दोन्हींपैकी काही नसतं. शिवाय आत पाणी भरलं आणि पोटात हवाबंद जागा पुरेशी नसली, तर तेच वजन तिला तळाशी नेतं.

डिंगी उलटते. शिकताना तर उलटतेच. पण चांगली डिंगी उलटल्यावरही तरंगत राहते, कारण तिच्या पोटात हवाबंद टाक्या असतात. म्हणून नाव उलटेल का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे: नाव उलटली आहे, तुम्ही एकट्या मोठ्या आहात, बरोबर मूल आहे. तुम्ही एकटीने ती सरळ करून मुलाला आत घेऊ शकता का? ज्या नावेचं उत्तर ‘हो’ येतं ती तुमची नाव. लांबी, रंग, केबिन, सगळं त्यानंतर.

हे ‘एकटीने’ मी मुद्दाम लिहितो आहे. नाव यजमान चालवतील, पण बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, डोक्याला लागून यजमानच पाण्यात पडले तर? तेव्हा सुकाणूवर तुम्हीच.

नाव आडवी पडली की सेंटरबोर्ड, म्हणजे पोटातून खाली जाणारी फळी, पाण्याच्या वर आडवा येतो. त्याच्यावर चढून, नावेचा काठ नाहीतर दोर धरून, पाठ ताठ ठेवून मागे रेलायचं. शीड पाण्याला चिकटलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. मग ते सुटतं आणि नाव एका झटक्यात उभी राहते. ५५ किलोच्या बाईने ९०-९५ किलोची एन्टरप्राइज जातीची डिंगी अशी सरळ केलेली मी बघितली आहे. १७० किलोची नाव तिला एकटीला फार जड जाते.

---

पिंपळपार | १० नोव्हेंबर

माझं मत वेगळं. आमच्या घरात वेफेअरर जातीची डिंगी होती, तेव्हा मी परदेशात होतो. जवळजवळ १६ फूट लांब, सहा फूट रुंद. चौघं आरामात बसायचो, डबा, पाणी, स्वेटर सगळं आत. धाकटी तर पुढे झोपून जायची. १९५७ चं डिझाइन आहे आणि याच जातीच्या उघड्या नावेतून फ्रँक डाय १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंडला गेले. इतकी भरवशाची नाव दुसरी मला माहीत नाही.

एन्टरप्राइज ही मुळात दोघांची शर्यतीची नाव. शीड तिच्या मानाने मोठं, बूम खाली, जरा वारा वाढला की अंगात आल्यासारखी करते. लहान मुलांना पहिल्याच दिवशी भीती बसली तर ती पुन्हा पाण्याकडे फिरकणार नाहीत. कुटुंबाला स्थिर नाव हवी. सरळ करायचा प्रश्न येऊच नये इतकी स्थिर.

---

शिडकाठी | १० नोव्हेंबर

पिंपळपार, वेफेअररबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. तुमच्याकडे दोघं मोठे नावेत असायचे आणि पाण्यावर आजूबाजूला इतर नावा असायच्या. इथे मैलभर पाण्यावर दुसरं शीड नसेल.

‘प्रश्न येऊच नये’ हे मात्र मान्य नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्याच्यापुढे रुंदी किती पुरणार? आणि वेफेअरर इथे मिळवायची कुठून? आपल्याकडे क्लबांत ऑप्टिमिस्ट, लेझर, एन्टरप्राइज, ४२० या जातीच्या नावा दिसतात. मोडलेला सुकाणूचा खिळा किंवा डोलकाठीची तार बदलायची झाली, तर भाग याच नावांचे मिळतात आणि दुरुस्त करणारे याच नावा ओळखतात.

एन्टरप्राइजबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. मूळ शीड जसंच्या तसं वापरू नका. मेन, म्हणजे मोठ्या, शिडाला रीफ करायची सोय शिवून घ्या: ठरावीक उंचीवर आडव्या ओळीत कडी बसवतात, वारा असला की शीड तेवढं खाली घेऊन बांधायचं. मुलं बरोबर असताना पहिले कित्येक महिने रीफ करूनच निघायचं, वारा नसला तरी. आणि चौघं एकदम नाही. एका वेळी एक मोठं, एक लहान.

---

तलावकाठी | १० नोव्हेंबर

माळव्याची लेक, मी तुझ्या माहेरची! माझी दोन्ही मुलं ऑप्टिमिस्टमध्ये शिकली.

ऑप्टी म्हणजे पुढून सपाट, टबासारखी नाव. २.३० मीटर लांब, नुसती नाव ३५ किलो. १९४७ साली क्लार्क मिल्स नावाच्या अमेरिकन माणसाने मुलांसाठीच बनवली. एकच शीड, एकच दोरी, एकच मूल. आई-बापाला आत जागाच नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच तिची सगळ्यात चांगली गोष्ट. मोठ्या नावेत मूल प्रवासी असतं. इथे पहिल्या दिवसापासून सुकाणू त्याच्या हातात. माझी मोठी दुसऱ्याच आठवड्यात वारा कुठून येतोय ते गालाने सांगायला लागली. मला अजून झेंडा बघावा लागतो.

भोपाळला नॅशनल सेलिंग स्कूल आहे. नेहा ठाकूर तिथलीच, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलेली होशंगाबादची (आताचं नर्मदापुरम) हर्षिता तोमरही. हर्षिता आधी पोहणारी होती, मग शिडाकडे वळली. म्हणून म्हणते, लेकीचं पोहणं सोडू नका. आजोळी आलात की आधी तिथे जाऊन चौकशी करा, मुलांच्या वयाला काय चालतं ते विचारा. आणि तू स्वतः शीक गं. नवऱ्याला येतं यावर थांबू नकोस.

पाच वर्षांच्याला मात्र घाई नको. माझा धाकटा सहाव्या वर्षी बसला. थंडीने ओठ निळे झाले तेव्हा कुठे मला कळलं, की लहान अंग किती लवकर गार पडतं. डिसेंबरमध्ये ओला सुती टी-शर्ट अंगावर आणि वर वारा, वीस मिनिटं पुरतात. सुती कपडे नकोतच. वाऱ्याचं जॅकेट, टोपी, काठावर कोरडे कपडे आणि गरम दूध.

---

हरणीजवळचा | ११ नोव्हेंबर

बडोद्याहून. फायबरच्या नावा, टाक्या दुरुस्त करायचं काम करतो.

आधी एक बोलू द्या. १८ जानेवारी २०२४ ला आमच्या इथे हरणीच्या तलावात सहलीच्या मुलांची नाव उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि बऱ्याच मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. मी त्या रस्त्याने रोज जातो. म्हणून ताई, कृपा करून नावेच्या आधी जॅकेट घ्या.

लाल-केशरी थर्माकोलची ‘सगळ्यांना एकच’ जॅकेटं मुलांना घालू नका. मुलाचं वजन सांगून घ्या. जॅकेटची तरंगवायची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ज्याला नीट पोहता येत नाही त्याला निदान १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं, म्हणजे पाण्यात तोंड वर राहतं. ५० न्यूटनचं पोहणाऱ्यांसाठी असतं. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घालून पट्टे आवळा, मग खांद्याला धरून मुलाला वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं की ते त्याचं नव्हे. पाण्याच्या काठापाशी आल्याबरोबर घालायचं, घरी जायला गाडीत बसेपर्यंत काढायचं नाही. मोठ्यांनीसुद्धा.

आता जुनी नाव बघताना. फोटोवर जाऊ नका. मी स्वतः एकदा फसलो आहे. पॉलिश केलेली, आरशासारखी नाव होती. घरी आणली, उचलली तर चौघांना उचलेना. टाकीतला फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला होता. विकणाऱ्याला माहीत होतं, त्याने सांगितलं नाही. पैसे गेले.

तेव्हापासून मी असं बघतो. डेकवर अंगठा दाबत चालायचं, दबलं की आत लाकूड कुजलंय. रुपयाच्या नाण्याने ठोकत जायचं. घट्ट फायबर टणटण वाजतं, आतून सुटलेलं भदभद. टाकीचं झाकण उघडून आधी वास घ्यायचा. मग टाकीत तोंडाने हलकी हवा फुंकून झाकण बंद करायचं आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. बुडबुडे आले तिथे फट. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरू नका, टाकी फाटते. सेंटरबोर्डची पेटी तळाला जोडलेली असते तो कोपरा टॉर्च लावून बघायचा, बहुतेक नावा तिथेच गळतात. आणि शेवटी, नाव वजनकाट्यावर ठेवायची. भंगारवाल्याकडे काटा असतो.

वापर नसताना टाक्यांची झाकणं उघडी ठेवायची. तुमच्या मे महिन्याच्या उन्हात आतली हवा फुगून सांधे सुटतात.

---

नर्मदाकाठ | ११ नोव्हेंबर

खंडव्याचा आहे. इंदिरा सागर लहानसहान पाणी नाही. ९०० चौरस किलोमीटरहून जास्त पसारा आहे. २००४ मध्ये हरसूद गाव त्यात गेलं. आमच्या मामांचं घर त्यातच होतं.

पाण्याखाली झाडांचे बुंधे तसेच आहेत. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असतं तेव्हा दिसत नाहीत, उन्हाळ्याकडे पाणी उतरत जातं तसे एकेक वर येतात. जिथून दिवाळीत नाव सरळ गेली, तिथेच होळीला आडवा बुंधा असतो. म्हणून फळी वरून खाली उभी खुपसायची असेल, लेझरसारखी किंवा ऑप्टीसारखी, तर या पाण्यात नको. बुंध्याला लागली की फळी नाहीतर पेटी फुटते आणि नाव जागच्या जागी थांबते, आतली माणसं पुढे जातात. एन्टरप्राइज, वेफेअरर यांची फळी चाकूच्या पात्यासारखी मागे मिटते. सुकाणूही वर उचललं जाणारं घ्या.

धरणाच्या खाली, ओंकारेश्वर-महेश्वरच्या अंगाला, चुकूनही नको. पाणी सोडलं की नदी चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये धाराजीला भूतडी अमावस्येच्या यात्रेत रात्री पाणी अचानक वाढलं आणि कितीतरी माणसं वाहून गेली. आमच्याकडे अजून ती रात्र कुणी विसरलेलं नाही.

आणि शेतावर विजेच्या तारा. हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डोलकाठी अॅल्युमिनियमची, सहा मीटर उंच. ट्रेलरवर जमिनीपासून आणखी वर. मोटरपंपांच्या लाइनी आमच्याकडे किती खाली लोंबतात ते नणंदेच्या घरच्यांना विचारा. डोलकाठी उभी करून एक पाऊलही नाव ओढायची नाही. आधी पाण्यापर्यंतची सगळी वाट वर बघत चालून या.

परवानगी लेखी घ्या. शेत तुमचं, पाणी सरकारचं.

---

माळव्याची_लेक | १४ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. शिडकाठी काकांचा प्रश्न ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी पाण्यात पडलो तर, हा विचारच केला नव्हता.” केबिनच्या नावेचा फोटो त्याने फोनवरून काढून टाकला. मला वाईटही वाटलं. चौघांनी मिळून नावेत रात्र काढायची, हे त्याचं खूप जुनं स्वप्न आहे.

दोन शंका. ट्रेलर गाडीला जोडून इंदूरहून नेला तर त्याची वेगळी नोंदणी लागते का? आणि उलटल्यावर नाव पूर्ण पालथी झाली, डोलकाठी खाली, तर?

---

शिडकाठी | १४ नोव्हेंबर

ट्रेलरची नोंदणी लागते. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच धरलं आहे. आरटीओत विचारूनच घ्या. पण नाव शेतावर ठेवणार असाल तर रस्त्यावरचा ट्रेलर घ्यायचाच कशाला? टेम्पोने एकदा पोचवा. शेतापासून पाण्यापर्यंत दोन चाकांची ट्रॉली पुरते.

पालथी होऊ नये म्हणून डोलकाठीच्या टोकाला तरंगणारं काहीतरी बांधतात. तयार मिळतं. नसेल तर आठ-दहा लिटरचा, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा कॅन झाकणाला सीलंट लावून बांधा. शिकाऊ नावांना मी वर्षानुवर्षं तेच बांधलं. दिसायला कसंही दिसो. नाव आडवी राहिली पाहिजे, म्हणजे खाली कुणी अडकत नाही.

उलटल्या उलटल्या पहिलं काम नाव सरळ करणं नाही. पहिलं काम मुलाला हाक मारणं आणि त्याचा आवाज ऐकणं. मुलाला आधीच शिकवून ठेवा: नाव सोडायची नाही, काठाला जायला पोहायचं नाही, नाव धरून ओरडायचं. मग एक युक्ती. नाव सरळ करताना मुलाला आडव्या नावेच्या आतल्या बाजूला, तळाशी समांतर तरंगत ठेवायचं. तुम्ही पलीकडून फळीवर रेललात की नाव उभी होताना मूल आपोआप आत उचललं जातं. त्याला बाहेरून चढवावं लागत नाही.

हे सगळं आधी कंबरभर पाण्यात, मुलांशिवाय, तुम्ही दोघांनी. दहा वेळा.

---

पिंपळपार | १५ नोव्हेंबर

काका, मुलाला आत घ्यायची ही युक्ती मला माहीत नव्हती. आमची धाकटी एकदा बाहेर लटकून रडत होती, मी तिला जॅकेटला धरून ओढून घेतलं होतं. तुमचा मुद्दा आता पोचला.

---

तलावकाठी | २२ नोव्हेंबर

काय ठरलं गं?

---

माळव्याची_लेक | १६ मार्च

उशिरा लिहितेय, पण सविस्तर लिहिते.

डिसेंबरात भोपाळला राहून मी दहा दिवस शिकले. लेक ऑप्टीत बसली. पहिल्या दिवशी ती गोल गोल फिरत राहिली, तिसऱ्या दिवशी मला हात करून पुढे निघून गेली.

जानेवारीत एक जुनी एन्टरप्राइज मिळाली, निळ्या शिडांची. बघायला गेलो तेव्हा मी पर्समध्ये नाणं, टॉर्च, साबणाचं पाणी, दात घासायचा ब्रश असं सगळं घेऊन गेले होते. डाव्या टाकीच्या मागच्या सांध्यावर बुडबुडे आले. विकणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं, हो, तिथे गळते, तुम्ही सापडवलंत. चांगली माणसं होती. तेवढे पैसे कमी केले. काट्यावर १०१ किलो भरली. सांधा इथेच दुरुस्त करून घेतला, मेन शिडाला रीफच्या कड्या एका तंबू शिवणाऱ्यांकडून बसवल्या. परवानगीचं पत्र यायला मात्र फेब्रुवारी उजाडला.

मग कंबरभर पाणी. मुलं आजीबरोबर बांधावर. नवऱ्याने नाव मुद्दाम उलटवली, मी फळीवर चढले. पहिल्यांदा पाय घसरला, नडगी सोलवटली. दुसऱ्यांदा उभी राहिले, मागे रेलले आणि खरंच काहीच होईना. मनात म्हटलं, माझ्याच्याने नाही व्हायचं. तेवढ्यात शीड सुटल्याचा आवाज आला, ओली चादर दगडावरून ओढल्यासारखा, आणि नाव उभी. ती उभी राहिली, पण मला काठावरून आत चढता येईना. दंडात तेवढं बळ नाही. नवऱ्यालाही आलं नाही, तो तर पोटावर लोंबकळत राहिला. शेवटी मागच्या बाजूला दोराचा एक फास बांधला, पाय ठेवायला, पाण्याखाली गुडघाभर जाईल असा. फास पाण्यात तरंगतो, पाय सापडत नाही, म्हणून त्यात पाइपचा वीतभर तुकडा ओवला. आता दोघंही चढतो. शिडकाठी काका, हे तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवते. सरळ करता येणं आणि परत आत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या दिवशी अकरा वेळा उलटवली. सहा मी, पाच त्याने. मग लेकीला घेऊन दोनदा. नाव उभी होताना ती आतल्या पाण्यात बसलेलीच वर आली आणि लगेच तेलाच्या कापलेल्या कॅनने पाणी उपसायला लागली. कॅन दोरीने बांधलेला आहे. कुणीही सांगितलं नव्हतं तिला.

धाकटा अजून पाण्यावर येत नाही. तो काठावरचा माणूस आहे. दुर्बीण गळ्यात घालून, पाण्यावर पांढरा फेस दिसला की शिट्टी वाजवायची, हे काम त्याने मागून घेतलं. मागच्या रविवारी सव्वाअकराला त्याने शिट्टी वाजवली. मला पाण्यावर काहीच दिसत नव्हतं, पण ठरलं होतं म्हणून वळलो. काठाला लागेपर्यंत पश्चिमेकडून धुळीचा पट्टा आला आणि शेतातली गव्हाची पेंढी उडाली.

चौघं एकदम अजून गेलो नाही. नवरा आता लेकीशी वारा कुठून येतोय यावर वाद घालतो. पाणी उतरतंय, परवा पहिला बुंधा दिसला, त्यामुळे एप्रिलपासून नाव बांधावर आंब्याखाली ठेवणार, झाकणं उघडी ठेवून.

एक मदत हवी. जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, खालच्या कडेला, कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर, बोटभर चीर गेली आहे. बाभळीला अडकलं. इंदूरला शिडाची चिकटपट्टी कुणाकडे मिळेना. घरच्या मशीनवर शिवू का?

---

हरणीजवळचा | १६ मार्च

मशीनवर नको, सुईच्या भोकांच्या ओळीत पुढे फाटत जातं. आधी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. चीर जुळवून दोन्ही बाजूंनी पट्टी लावायची, पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापून, म्हणजे वाऱ्यात सुटत नाहीत. माझ्याकडे निळी नाही, पांढरी आहे. चालत असेल तर निरोपातून पत्ता पाठवा, कुरिअर करतो.

---

माळव्याची_लेक | १६ मार्च

पांढरी चालेल. पाठवला.